पितरांची रात्र, पोरांची रात्र

२०२४ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घरांपुढे पंचांगानेच एक पेच टाकला. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. इथल्या घड्याळाप्रमाणे मात्र आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलीसुद्धा. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी अमावास्या हवी, म्हणजे पूजा ३१ तारखेच्या संध्याकाळी. त्या दिवशी पहाटे चतुर्दशी होती, म्हणून अभ्यंगस्नानही त्याच दिवशी. आणि ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. अंधार पडू लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत भुतं, चेटकिणी, सांगाडे आणि स्पायडरमॅन दारोदार फिरू लागतात. नेमक्या त्याच वेळी आम्हाला उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची होती.

दोन सण वेगवेगळ्या आठवड्यांत आले की हा प्रश्न झाकून ठेवता येतो. त्या वर्षी झाकता येईना. ज्या घरात देवापुढे निरांजन लागतं, त्या घराने भुताखेतांचा सण करावा का? मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या रांगेत, मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना, सगळीकडे हेच बोलणं. काही म्हणत, मुलांना याच देशात वाढायचं आहे, वर्गातली सगळी मुलं जातात, आपलीच घरात कोंडायची का? काही म्हणत, हा आपला सण नाही, यात मरण आहे, अमंगळ आहे, दारात हाडं टांगून लक्ष्मीला बोलावणार कसं? दोन्हीकडची माणसं माझ्या जवळची आहेत आणि दोन्हीकडची माणसं हे मनापासून बोलतात.

माझं मत आधीच सांगते. हॅलोविनने माझ्या श्रद्धेला तडा जात नाही. पण हे मत ‘मुलांची गंमत आहे, चालायचंच’ एवढ्यावर उभं नाही. एवढ्यावरच उभं असतं तर ते मांडायला मी बसले नसते.

आधी हे पाहायला हवं, की या सणाला पहिला विरोध कुणी केला. तो हिंदूंनी केलेला नाही. हे भांडण ख्रिस्ती घरातलं आहे आणि जुनं आहे. आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने रोममध्ये सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं. पुढे नवव्या शतकात चौथ्या ग्रेगरीच्या काळात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस दूरवर पाळला जाऊ लागला. त्याला जोडून २ नोव्हेंबर हा सगळ्या मृतांच्या स्मरणाचा दिवस आला. सर्व संतांच्या दिवसाआधीची रात्र ती ३१ ऑक्टोबरची. आयर्लंडमधल्या केल्टिक लोकांचा सुगी संपून हिवाळा लागतानाचा साव्हिन नावाचा सण याच सुमाराला येई, आणि त्या वेळी जिवंत आणि मृत यांच्यामधलं दार किलकिलं होतं अशी समजूत होती. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब दारोदार जाऊन छोटे गोड पाव मागत आणि त्या बदल्यात त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. आज पोरं कँडी मागत फिरतात त्याचं नातं अनेक जण या प्रथेशी जोडतात.

मग प्रॉटेस्टंट सुधारणा आली. मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गला आपली ९५ कलमं मांडली ती ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीच. आजही अनेक ल्यूथरपंथी चर्चमध्ये हा दिवस त्याच कारणाने पाळतात. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करावी, त्याने त्यांची सुटका लवकर होईल, ही कल्पनाच सुधारकांनी नाकारली. मग मृतांसाठी पाव वाटण्याला अर्थ उरला नाही. न्यू इंग्लंडमध्ये येऊन वसलेले प्युरिटन तर इतके कडवे, की मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली त्यांनी नाताळ साजरा करण्यावरही बंदी घातली. पाच शिलिंग दंड होता आणि ती बंदी १६८१ पर्यंत टिकली. जिथे नाताळाचं हे झालं तिथे भुतांच्या रात्रीची काय कथा! हॅलोविन अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, बटाट्याचं पीक बुडाल्यानंतरच्या उपासमारीतून पळून आलेल्या आयरिश लोकांबरोबर. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. इथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ.

आजही इथली कित्येक ख्रिस्ती कुटुंबं हा सण करत नाहीत. यहोवाचे साक्षीदार या पंथाची माणसं तर वाढदिवस आणि नाताळही करत नाहीत. काही चर्च त्या संध्याकाळी आपल्या आवारात गाड्या ओळीने उभ्या करून, डिकी सजवून, मुलांना तिथेच खाऊ वाटतात, म्हणजे मुलांची हौस भागते आणि भुतंखेतं टळतात. काही कॅथलिक शाळांत मुलं संतांचे वेश घेऊन येतात. १९९४ साली फ्लोरिडात अलाचुआ परगण्यातलं एक प्रकरण अपिलाच्या न्यायालयात गेलं होतं. सरकारी शाळेत हॅलोविनला चेटकिणी, कढया आणि झाडू यांची सजावट करणं म्हणजे विका या धर्माचा प्रचार आहे, अशी एका पालकाची तक्रार होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. ही चिन्हं आता धर्माची राहिली नसून लोकजीवनाचा भाग झाली आहेत, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या बाजूने मला तो निकाल योग्य वाटतो. पण न्यायालय सरकारी शाळेने काय करावं एवढंच सांगू शकतं. घराने काय करावं ते घरालाच ठरवावं लागतं.

आमच्या रस्त्यावर एक बाई राहते. फार श्रद्धाळू, दर रविवारी चर्चला जाणारी. ३१ ऑक्टोबरला तिच्या पोर्चवरचा दिवा बंद असतो. इथली रीत अशी, की ज्याच्या दारावर दिवा त्याच्याकडेच मुलांनी जायचं. अंधारं दार सोडून द्यायचं. तिला मी एकदा विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, सैतान माझ्यासाठी गोष्टीतला नाही, खरा आहे. त्याचा मुखवटा मी माझ्या मुलाच्या तोंडावर कसा चढवू? तिच्या श्रद्धेच्या आत उभं राहून पाहिलं तर हे बोलणं अगदी सुसंगत आहे. जगात एक शुभशक्ती आणि तिच्याविरुद्ध उभी ठाकलेली एक दुष्टशक्ती, असं ज्यांनी मानलं, त्यांनी दुष्टशक्तीचा खेळ करू नये हेच खरं. मला तिच्याबद्दल आदर आहे.

पण तिची भीती ती माझी भीती नव्हे. आपल्यातले काही जण हॅलोविनला विरोध करताना नकळत तिचेच शब्द वापरतात, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. आपल्या धर्मविचारात देवाच्या तोडीचा, देवाविरुद्ध राज्य चालवणारा सैतान नाही. भूत आहे, प्रेत आहे, पिशाच्च आहे. पण भूत म्हणजे कोण? गती न मिळालेला जीव. कुणाची इच्छा राहिली, कुणाचं क्रियाकर्म झालं नाही, कुणी अवेळी गेलं. त्याची भीती वाटते हे खरं, पण त्या भीतीच्या तळाशी कणव आहे. त्याला पुढे पोचवायचं असतं, म्हणून पिंड, म्हणून तर्पण, म्हणून कावळ्याला घास. आणि ज्यांना कुठेच जागा नाही अशा सगळ्यांना ज्याने आपल्या पदरात घेतलं तो तर महादेव. शंकराच्या वरातीत भुतंपिशाच्चं नाचत आली आणि हिमालयाच्या घरच्या बायका घाबरल्या, ही कथा आपण मुलांना हसत सांगतो. स्मशानात राहणारा, राख फासणारा देव ज्यांचा, त्यांनी सांगाड्याला बिचकावं हे मला पटत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात तर हे पावलोपावली दिसतं. माझ्या सासूबाई कोकणातल्या. शिमग्यात त्यांच्या गावी संकासुर येतो: अंगावर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. पोरांच्या मागे धावतो, पोरं किंचाळत पळतात. खेळे घरोघर फिरतात, अंगणात नाचतात, पोस्त घेतात. हा संकासुर पुराणातला वेद पळवणारा असुर, आणि तरीही कोकणात त्याला नवस बोलतात. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तोच गावाचा रखवालदार! नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, कीडमोड, सगळी ईडापीडा घेऊन जा म्हणत गाव तिला वेशीबाहेर नेतं आणि जाळतं. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली गवत, कागद आणि लाकडाचे उंचच उंच नरकासुर उभे राहतात, विक्राळ दातांचे, लाल डोळ्यांचे. पोरं रात्रभर जागतात, मिरवतात, आणि पहाटे त्याला पेटवून घरी येऊन तेल लावून आंघोळ करतात. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतात, मग पोहे खातात. गोव्यात दिवाळी अशी भयापासूनच सुरू होते.

आणि घराच्या दारावर? नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगणारे आपण, दुकानाच्या दाराशी कोहळा बांधणारे आपण, ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची लावणारे आपण. आयरिश माणसाने दाराशी कोरलेला भोपळा ठेवला तोही वाईटाला बाहेरच थोपवण्यासाठी, असं सांगतात. मग भोपळा परका का वाटावा?

सासूबाईंची हरकत मात्र यातली नव्हती. २०२४ च्या त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे होत्या. दाराशी माझ्या लेकाने प्लॅस्टिकचा सांगाडा खुर्चीत बसवला होता. त्या म्हणाल्या, “अगं, भुताचं काही नाही मला. शिमग्यात आयुष्य गेलं माझं. पण शिमगा शिमग्याच्या जागी आणि लक्ष्मी लक्ष्मीच्या जागी. आज अमावास्या, घरात पूजा. या हाडांना आज जरा बाजूला बसव.” यात भीती नव्हती, औचित्य होतं. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ आणि तिची जागा असते, हा आपल्या आचारधर्माचा गाभाच आहे. शुभ आणि अशुभ यांत वैर नाही, पण त्यांचे पाट वेगळे मांडायचे असतात. मी म्हटलं, “आई, तुम्हीच सांगा कुठे ठेवायचा.” नातवाने आजीशी थोडी हुज्जत घातली, “आजी, तो माझा पाहुणा आहे, तू त्याला हाकलू नकोस,” आणि मग दोघांनी मिळून सांगाडा गॅरेजच्या दाराशी नेला. पुढच्या दारात रांगोळी आली, पणत्या आल्या. त्या संध्याकाळी आमच्या पोर्चवर जो दिवा होता तो लक्ष्मीसाठी की पोरांसाठी, हे वेगळं सांगायची गरज पडली नाही. दोघांनाही तोच दिवा चालला.

सासूबाईंनी दाराशी खुर्ची टाकली. त्यांना प्रत्येक मुलाच्या हातावर करंजी ठेवायची होती. इथे तसं चालत नाही हे त्यांना समजावणं मला जड गेलं. बंद वेष्टनातलाच खाऊ द्यायचा. घरी केलेलं उघडं काही दिलं तर घरी जाऊन आईबाप ते टाकून देतात. ज्या सणात परक्याच्या दारावर थाप मारायची मुलांना मुभा, त्याच सणात परक्याच्या हातच्या अन्नाची एवढी भीती, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. शेवटी त्यांनी कँडीचं टोपलं मांडीवर घेतलं. येणाऱ्या प्रत्येक चेटकिणीला आणि वाघाला त्या नाव विचारत होत्या. मुलं आधी गोंधळत, कारण या रात्री मुखवट्यामागचं नाव सहसा कुणी विचारत नाही. मग मुखवटा वर करून नाव सांगत. त्या ते नाव आपल्या पद्धतीने उच्चारत आणि डोक्यावरून हात फिरवत. अनोळखी मूल दारात आलं तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे त्यांना कुठल्याही धर्मग्रंथात पाहावं लागलं नाही. या प्रथेला इथे चांगलं वळणही लागलेलं आहे: १९५० साली फिलाडेल्फियातल्या मुलांनी दारोदार जाऊन युनिसेफसाठी पैसे गोळा केले आणि तेव्हापासून कित्येक मुलं कँडीबरोबर युनिसेफचा डबाही फिरवत आली.

झाडू मात्र मनात राहिला. त्या संध्याकाळी आमच्या देवघरात केरसुणीला हळदकुंकू वाहिलं होतं, कारण लक्ष्मीपूजनाला केरसुणी हीच लक्ष्मी. आणि दारात दर चौथी मुलगी झाडूवर बसून आली होती. चेटकिणीची ही टोपी आणि हा झाडू आज विनोद वाटतो, पण याच देशात, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला, १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून दीडशेहून जास्त लोक पकडले गेले. १९ जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. तेच सेलम आज ऑक्टोबरभर हॅलोविनच्या पर्यटकांनी भरलेलं असतं. कुणाला ते खटकेल. मला वाटतं, ज्या समाजात चेटकीण ही पोरीची टोपी होते, त्या समाजाने एक मोठी भीती मागे टाकलेली असते. चेटकीण खरी मानली जात होती तेव्हा बायकांना फासावर जावं लागलं.

आणि हे आपल्याला परकं नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, बाईला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे, मारण्याचेही प्रकार आपल्याच काळात झालेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. भुताच्या नावाने पोरांनी खेळणं आणि भुताच्या नावाने माणसाला मारणं, यांतल्या कोणत्या गोष्टीला श्रद्धेने घाबरायला हवं हे मला अगदी स्वच्छ दिसतं. भूत खेळात उतरलं तर मला बरंच वाटतं.

एका जागी मात्र माझी श्रद्धा खरोखर दुखावते. २००८ साली हायडी क्लुम या प्रसिद्ध मॉडेलने आपल्या हॅलोविन पार्टीला कालीमातेचा वेश घेतला होता: निळं अंग, गळ्यात मुंडक्यांची माळ, अनेक हात. इथल्या हिंदूंनी तेव्हा नाराजी दाखवली. देवाचा वेश घेणं हा अपराध नाही. आपल्याकडे बहुरूपी देवांची सोंगं घेतच आलेले आहेत. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा हा तर देवांच्या मुखवट्यांचाच उत्सव. तिथे मुखवट्याची पूजा होते, सोंगं घराण्याघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात आणि सोंग घेणारा ते व्रत म्हणून घेतो. देवी होणं ही तिथे जबाबदारी असते. पार्टीतली काली एका रात्रीपुरती, फोटोपुरती. ज्या देवीपुढे माणसं आजही रडतात तिला कुणी ड्रॅक्युला आणि झोंबी यांच्या रांगेत नेऊन बसवलं, तर ‘हे करू नका’ असं आपण मोठ्याने म्हणावं, रागाने नाही पण ठामपणे. मी माझ्या मुलांना हेच सांगितलं आहे: कुणाच्याही देवाचा, कुणाच्याही देशाचा किंवा जातीजमातीचा वेश घालून हसायचं नाही. भूत व्हा, भोपळा व्हा, वाघ व्हा.

दुसरी टोचणी बाजाराची. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली हॅलोविनवरचा खर्च १२.२ अब्ज डॉलर होईल असा अंदाज दिला होता. पण बाजाराने आपल्या दिवाळीचंही हेच केलेलं आहे, तेव्हा यावर मी जास्त बोलत नाही.

खरी गोष्ट यापुढची आहे. हा सण मुळात मेलेल्यांच्या आठवणीचा होता, आणि अमेरिकेने त्यातून तेवढीच गोष्ट काढून टाकली. सांगाडा राहिला, पण तो कुणाचाच नाही. थडगी राहिली, हिरवळीवर प्लॅस्टिकची, आणि त्यांवर विनोदी नावं. मरण सगळीकडे दिसतं, पण आपलं गेलेलं माणूस कुठेच नाही. याच देशात मेक्सिकन कुटुंबं १ आणि २ नोव्हेंबरला काय करतात ते पाहावं. घरात चौरंग मांडतात, त्यावर गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं जेवण, पाणी, मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं, रस्ता दिसावा म्हणून. झेंडू! आपल्या दसऱ्याच्या तोरणाचं हे फूल मूळचं त्यांच्याच भूमीतलं, आणि तिथे ते पितरांचं फूल आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस मेक्सिकन दुकानांत झेंडूचे ढीग येतात तेव्हा मी तिथूनच आणते. फुलं निवडताना शेजारी उभ्या असलेल्या बाईने मला एकदा विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, लक्ष्मीसाठी. ती म्हणाली, माझ्या आईसाठी.

आपल्या वसईत जा. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला माणसं कबरस्तानात जातात, कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, प्रार्थना करतात. गोव्यातही तेच. भुतांची सजावट ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनी हा सण त्याच्या मूळ अर्थासकट सांभाळला.

आणि आपण? आपली दिवाळीही मेलेल्यांना विसरलेली नाही. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे ज्योत करून लावतो तो यमासाठी. नरक चतुर्दशीला यमतर्पण सांगितलं आहे. महालयात घरी आलेले पितर परत जाताना त्यांना वाट दिसावी म्हणून दिवाळीच्या अमावास्येला चुडी पेटवून वर धरण्याचा, उल्कादानाचा, विधी आहे, आणि आकाशदिवा उंच बांधण्यामागेही पितरांना उजेड दाखवण्याचा भाव सांगितला जातो. २०२४ ची ३१ ऑक्टोबरची ती संध्याकाळ दोन परक्या सणांची टक्कर नव्हती. दोन्हीकडे अंधार वाढण्याचे दिवस होते, दोन्हीकडे दारात दिवा होता, आणि दोन्हीकडे, खोल कुठेतरी, गेलेल्या माणसांची वाट पाहणं होतं.

म्हणूनच माझी काळजी हॅलोविनविषयी नाही. त्याच्या महिनाभर आधी येऊन जाणाऱ्या पितृपक्षाविषयी आहे. अमेरिकेतल्या किती मराठी घरांत तो पाळला जातो? गुरुजी मिळत नाहीत, सुट्टी नसते, कावळा येत नाही, तिथी लक्षात राहत नाही. शिवाय मुलांपुढे मरणाचं बोलू नये असा एक नवा संकोच आला आहे. मुलांना भूत माहीत आहे, पण पणजी माहीत नाही. सांगाड्याची भीती वाटत नाही, आणि भारतातून रात्री-अपरात्री फोन येतो, आजोबा गेले म्हणून, तेव्हा त्यांच्याजवळ काही म्हणायला शब्द नसतात, काही करायला हात नसतात. श्रद्धेची हानी झाली असेल तर ती इथे झाली आहे. शेजारच्या पोराने दारात येऊन कँडी मागितल्याने ती झालेली नाही.

आमच्या घरी आता सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढलं जातं. खीर, वडे, गवारीची भाजी, लाल भोपळ्याची भाजी. हाच भोपळा काही आठवड्यांनी दाराशी कोरून ठेवायचा असतो, आणि मुलं बिया काढता काढता आजोबांची गोष्ट विचारतात. पान बाहेर गवतावर ठेवतो. कधी कावळा येतो, कधी खार येते. सासूबाई म्हणाल्या, इथे पितर खारीच्या रूपाने येत असतील तर येवोत.

ज्यांना हॅलोविन नको वाटतो त्यांनी पोर्चवरचा दिवा खुशाल मालवावा. त्यांना कुणीही मागास म्हणू नये, आणि वर्गातल्या पार्टीला न येणाऱ्या मुलाला बाकीच्यांनी चिडवू नये, एवढं आपण आपल्या मुलांना शिकवू शकतो. ज्यांना करायचा आहे त्यांनी मोकळ्या मनाने करावा. दोघांनाही माझी एकच विनंती आहे. तर्पणात तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात: वडील, आजोबा, पणजोबा. आईकडचीही तशीच. ती नावं तुमच्या मुलांना पाठ येतात का, ते आज विचारा. तुम्हालाच येत नसतील तर या रविवारी भारतात फोन लावा आणि लिहून घ्या. ती नावं माहीत असलेली माणसं आता नव्वदीत आहेत.